आजोबांच्या कपाटातला कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही दांडिया बाजारात राहतो. घर रंगवायला काढलं तेव्हा आजोबांच्या लाकडी कपाटात एका मऊ पिशवीत कॅमेरा सापडला. कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस असं त्यावर लिहिलंय. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पेन्सिल सेल आणून घातले, तर लेन्स बाहेर आली, पडदा उजळला आणि मिनिटभरात बॅटरी बदला असं दाखवून तो बंद पडला. आत एक जीबीचं कार्ड आहे. मैत्रिणी म्हणतात, हल्ली असे कॅमेरे लोक शोधत असतात, विकून टाक. माझ्या फोनला ५० मेगापिक्सेल आहेत, ह्याला जेमतेम ७. मग लोकांना ह्यात काय सापडतं? विकू, का वापरून बघू? वापरायचा तर सुरुवात कुठून करू?
— दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, बडोदे

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले : 'आत एक जीबीचं कार्ड आहे.' बाकी सगळं नंतर, आधी ते कार्ड.

कार्ड बाहेर काढ. त्याच्या डाव्या कडेला एक बारीक खटका असतो, तो खाली 'लॉक'कडे सरकव. आता त्यावरचं काही पुसलं जाणार नाही. मग एक साधा कार्ड रीडर घे, लॅपटॉपला लाव किंवा ओटीजी वायरने फोनला लाव, आणि डीसीआयएम नावाचं अख्खं फोल्डर दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेव. कॅमेऱ्याने किंवा लॅपटॉपने 'फॉरमॅट करू का' असं विचारलं तर नाही म्हण. मी बावीस वर्षं रावपुऱ्यातल्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंगच्या मशीनवर होते. कार्ड घेऊन येणारी माणसं काउंटरवर ठेवताना म्हणायची, 'सगळे फोटो घरी आहेत, ह्यातले नको ते पुसून टाका.' महिन्याभराने तीच माणसं परत यायची, आणि तेव्हा आमच्याकडे काहीच नसायचं. तुझ्या आजोबांनी शेवटी कशाचे फोटो काढले ते त्या कार्डावर असेल. कदाचित आजीचे असतील, कदाचित गॅलरीतल्या तुळशीचे. उतरवून झालं की ते कार्ड तसंच पाकिटात घालून, पाकिटावर आजोबांचं नाव लिहून ठेव. वापरायला दुसरं घे. हा कॅमेरा एसडीएचसी कार्ड ओळखतो, म्हणजे ४ पासून ३२ जीबीपर्यंतचं चालेल. ६४चं घेऊ नकोस, ते वेगळ्या जातीचं असतं, ह्याला वाचता येणार नाही.

आता सेल. तुझा कॅमेरा बिघडलेला नाही, त्याचं पोट भरलेलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते साधे सेल ह्याला पुरत नाहीत. लेन्स बाहेर ढकलायची, फ्लॅश भरायचा, पडदा पेटवायचा, ही सगळी कामं एकदम भरपूर वीज ओढतात, आणि स्वस्त सेलचा विजेचा दाब तिथेच कोसळतो. अल्कलाइन सेल बरे, पण खरे उपयोगाचे ते चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्यांवर १.५, म्हणून लोकांना ते कमी वाटतात. पण ओढ पडल्यावरही ते दाब धरून ठेवतात. कपाटात महिनोन् महिने ठेवले तरी चार्ज न गमावणारे निघालेत, तसले चार घे, दोन आत आणि दोन पर्समध्ये. सेल घालण्याआधी खण उघडून नीट बघ. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर जुना सेल गळलेला आहे. कानात घालायच्या कापसाच्या काडीला थेंबभर व्हिनेगर लावून पूस, मग स्पिरिटने पूस, वाळू दे.

एक गोष्ट मात्र मनावर घे. हा कॅमेरा स्क्रू काढून उघडायचा नाही, तुझ्या वर्गातल्या हुशार मुलालाही उघडू द्यायचा नाही. फ्लॅशसाठी आत जो कपॅसिटर असतो त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठतात आणि सेल काढल्यावरही ते तिथेच राहतात. आमच्या लॅबमधला एक मुलगा असाच चिमट्याने आत डोकावला होता. हात तासभर बधीर झाला होता त्याचा.

पहिल्यांदा चालू केल्यावर तारीख विचारेल, कारण आतली नाण्याएवढी सेल केव्हाच संपलेली असणार. तारीख घाल. पुढे फोटो शोधताना तिचीच गरज पडते. फ्लॅश पहिल्या वेळी भरायला बराच वेळ घेईल, घाबरू नकोस, वर्षानुवर्षं पडून राहिलेला कपॅसिटर तसाच आळसावलेला असतो. चार-सहा वेळा उडवलास की सुधारेल.

तुला नुसतं पुस्तकी उत्तर द्यायचं नव्हतं. माझ्या वहिनीकडे हाच कॅमेरा आहे, तो मागून आणला आणि मागचे तीन दिवस फोन घरी ठेवून त्यावर फोटो काढले.

पहिल्या दिवशी सकाळी कमाटीबागेत गेले. वडाखाली एक आजोबा नातवाला झोका देत होते. कॅमेरा उचलला, बटण दाबलं, आणि झोका फ्रेमच्या बाहेर. दुसऱ्यांदाही तेच. मग हाताला जुनी सवय आठवली. बटण आधी अर्धंच दाबायचं. कॅमेरा फोकस जुळवतो, 'बीप' करतो, पडद्यावर हिरवी चौकट येते. बोट तिथेच धरून ठेवायचं. झोका पुढे येऊन क्षणभर थांबतो, तेव्हा उरलेलं अर्धं दाबायचं. तिसरा फोटो असा आला की नातवाचे दोन्ही पाय हवेत आणि आजोबांचे हात अजून पुढेच. फोनवर ह्याची गरज लागत नाही, कारण तो बटण दाबण्याआधीपासूनच फ्रेमा टिपत असतो आणि तू दाबलंस की त्यातल्या हव्या त्या घेऊन जोडतो. इथे सगळं तुझ्या बोटावर आहे. हे एवढं एक शिकलीस तरी ह्या कॅमेऱ्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी संपतील.

त्याच सकाळी दुसरीही गोष्ट कळली. वडाच्या पारंब्या छान आल्या, पण मागचं आकाश पांढरंफटक. फोन अशा वेळी कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेमा जोडून आकाश वाचवतो. हा एकच फ्रेम घेतो, आणि ह्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा, जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद. एकदा पांढरं झालं की त्यातून काही परत मिळत नाही. वरची चकती 'पी'वर ठेव आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, उणे दोन तृतीयांश कर. सावली थोडी गडद होईल, ती चालते. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून वरच्या छोट्या काचेच्या खिडकीला डोळा लाव. ती खिडकी फ्रेमच्या कडा पुऱ्या दाखवत नाही, आणि जवळची वस्तू थोडी सरकलेली दिसते, तेवढं लक्षात ठेव.

दुसऱ्या दिवशी तांबेकर वाड्यात. तुझ्या घरापासून चालत जाण्याएवढा, आणि तरी तू आत गेली नसशील तर ह्या निमित्ताने जा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर ह्यांचं हे लाकडी घर, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. वरच्या मजल्यावर भिंती भरून एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत. कृष्णलीला आहे, युद्धं आहेत. उजेड खिडकीतून येईल तेवढाच. अशा ठिकाणी फ्लॅश बंद म्हणजे बंदच, त्या रंगांसाठी. फोटो काढू देतात का हेही आधी दारावरच्या माणसाला विचार, मी विचारलं होतं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची तीव्रता, ४००च्या वर नेलं की ह्या कॅमेऱ्यात रवा सांडल्यासारखे ठिपके येतात, म्हणून २००वर ठेवलं, पाठ खांबाला टेकवली, कोपर पोटाशी घट्ट धरले, श्वास सोडून बटण दाबलं. शटर एक अष्टमांश सेकंद उघडं राहिलं. पाचांतले तीन फोटो स्वच्छ आले. नावातलं 'आयएस' ते हेच : हात थरथरला तर लेन्सचा एक भाग उलट दिशेला सरकून तो कंप खाऊन टाकतो. २००७ साली आलेल्या कॅमेऱ्यात ही सोय आहे हे मला आजही कौतुकाचं वाटतं.

त्या चित्रांचे फोटो घरी मोठे करून बघितले. शेजारी वहिनीच्या फोनवरचा त्याच भिंतीचा फोटो ठेवला. फोनवर चित्रातल्या रेघा जास्त दिसतात, हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण फोनने भिंतीचे पोपडे, रंगांच्या भेगा, सगळ्याला एकसारखी धार काढलेली. ह्या कॅमेऱ्यात कोपऱ्यातला अंधार अंधारच राहिलाय, खिडकीजवळचं चित्र उजळलंय आणि लांबचं बुजत गेलंय. त्या खोलीत उभी असताना मला तसंच दिसलं होतं.

तिसरा दिवस संध्याकाळचा. सूरसागरच्या काठावर दिवे लागत होते, महादेवाची मूर्ती काळोखात जात होती. तिथे हा कॅमेरा हरला. दिवे विस्कटले, पाणी डागाळलं. तिपाईशिवाय रात्रीचं दूरचं दृश्य ह्याच्याकडे मागू नये. तिथून भाचीच्या घरी गेले. गच्चीवर सात-आठ मुली गरब्याचा सराव करत होत्या, एक ट्यूबलाइट, बाकी अंधार. मेन्यूत जाऊन 'स्लो सिंक्रो' चालू केलं, म्हणजे फ्लॅश उडतो आणि शटरही जास्त वेळ उघडं राहतं, फ्लॅश लावला आणि जवळ गेले, अगदी दोन मीटरवर. आणि बाई, काय फोटो आले! समोरच्या मुलीचा चेहरा, उचललेली टाळी, ओढणीची जर, सगळं थिजल्यासारखं स्पष्ट, आणि तिच्यामागे दिव्याच्या उजेडाची वाहती रेघ. ह्या कॅमेऱ्यात झेनॉनचा फ्लॅश आहे. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी वेळ पेटतो, पण त्या वेळात जोरदार प्रकाश फेकतो. फोनचा दिवा बारीक आणि सतत जळणारा, त्याला फिरणारी चणिया थांबवता येत नाही. लोक जुन्या कॅमेऱ्यांत जे शोधतायत त्यातलं बरंचसं हे आहे. ह्या फ्लॅशचा पल्ला तीन-साडेतीन मीटरच, त्यापलीकडे नुसता काळोख. म्हणून जवळ जायचं, माणसांच्यात मिसळायचं. डोळे लाल येतात ते फ्लॅश लेन्सला खेटून असल्यामुळे. खोलीतले दिवे लावून ठेव आणि समोरच्याला थोडं तिरकं बघायला सांग.

मैत्रिणींनी 'सीसीडी' हा शब्दही कानावर घातला असेल. तो सेन्सरचा जुना प्रकार, १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्यांनी शोधला, त्यासाठी त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुझ्या कॅमेऱ्यात सीसीडी आहे आणि आजच्या फोनांत सीमॉस हा दुसरा प्रकार. पण नुसत्या सीसीडीमुळे रंग वेगळे येतात, हे मला पटत नाही. मी ह्या कॅमेऱ्यांचे हजारो फोटो कागदावर उतरवलेत. एकच फ्रेम, थेट फ्लॅश, आणि त्या काळच्या कंपन्यांनी त्वचेचा रंग कसा ठरवला होता, ह्या तिघांचा तो परिणाम आहे. म्हणून नावाला भुलून जास्त पैसे मोजणाऱ्यांना सांभाळून राहा म्हणावंसं वाटतं.

मेगापिक्सेलचं एका हिशेबात सांगते. तुझा ५० मेगापिक्सेलचा फोन बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल, म्हणजे ठिपके, एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो. हा कॅमेरा ३०७२ बाय २३०४ ठिपके देतो. इंचाला ३०० ठिपके धरले तरी साधारण दहा बाय साडेसात इंचांची प्रिंट स्वच्छ निघते. भिंतीवरच्या फ्रेमला आणखी काय लागतं?

आणि प्रिंट काढ, हा माझा हट्ट आहे. फक्त एक काळजी घे. ह्या कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन ह्या मापाचा असतो आणि नेहमीचा ४ बाय ६चा कागद तीनास दोनचा. कागद पूर्ण भरायचा तर उंचीचा नववा भाग कापला जातो. ह्यावरून आमच्या काउंटरवर किती रागावायची माणसं! मुंजीच्या फोटोत बटूचे पाय नाहीत, मागच्या रांगेतल्या काकांचं पागोटं अर्धं. लॅबवाल्याला आधीच सांग की फोटो पूर्ण हवा, बाजूला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल. किंवा साडेचार बाय सहाचा कागद आहे का विचार, त्यावर तो बरोबर बसतो. फोटो काढतानाच डोक्यावर आणि पायाखाली चार बोटं जागा सोडलीस तर प्रश्नच मिटला.

विकायचा का, हे तू विचारलंस. आधी कार्डावर काय आहे ते घरच्या सगळ्यांसोबत बसून बघ, मग तुझं तूच ठरव. मला विचारशील तर ह्या गणपतीत घरातल्या आरतीचे फोटो ह्याच्यावर काढ. समईजवळ बसलेली माणसं, स्लो सिंक्रो, दोन मीटर.

प्रश्न : माझ्या मुलीला वाढदिवसाला असाच जुना कॅमेरा हवा आहे. ऑनलाइन डझनावारी दिसतात. सोनीचा घ्यावा, ऑलिंपसचा की आणखी कुठला? बघून घेताना काय तपासावं?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : कंपनीआधी कार्ड विचारा. साधं एसडी कार्ड चालणारा कॅमेरा घ्या, निम्मी डोकेदुखी वाचेल. त्यातही एसडीएचसीचं मानक २००६ सालचं. त्याआधीचा कॅमेरा असेल तर त्याला बहुतेक २ जीबीपर्यंतचंच कार्ड वाचता येतं, आणि तेवढं लहान कार्ड आता दुकानात शोधावं लागतं. सोनीच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते. 'प्रो ड्युओ' असेल तर त्यात मायक्रोएसडी बसवायचं अडॅप्टर मिळतं. ऑलिंपस आणि फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी नावाचं कार्ड असायचं, ते आता बनत नाही. विकणारा सोबत कार्ड देत असेल तरच त्यांच्याकडे बघा.

दुसरं, बॅटरी. पेन्सिल सेलवर चालणारा थोडा जाडजूड असतो, पण गावोगावी त्याला खाद्य मिळतं. चपट्या कॅमेऱ्यांची स्वतंत्र बॅटरी पंधरा वर्षांत फुगलेली असू शकते, आणि तिचा चार्जर हरवलेला असतो.

शक्य असेल तर हातात घेऊनच घ्या. दहा वेळा बंद-चालू करा. लेन्स आत-बाहेर होताना करकरली, अडखळली, तर आत रेतीचा कण आहे, सोडून द्या. झूम शेवटपर्यंत नेऊन पांढऱ्या भिंतीचा आणि मग निळ्या आकाशाचा फोटो घ्या. एकाच जागी डाग दिसला तर सेन्सरवर धूळ. मोबाइलचा दिवा तिरका पाडून लेन्समध्ये बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत ती धरतेच, आणि ह्या कॅमेऱ्यांत लेन्स उघडून ती काढणं परवडत नाही. घरी आणल्यावर सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चामड्याच्या पाकिटात पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं.

जाहिरातीतला फोटो बघून भुलू नका. 'तपासलेला नाही' असं लिहिलेला कॅमेरा मी तरी बंद पडलेलाच समजते.

प्रश्न : माझ्या जुन्या कॅमेऱ्यात दिव्याकडे रोखलं की पडद्यावर जांभळी उभी रेघ दिसते. दुसऱ्या एका कॅमेऱ्यात सगळे फोटो गुलाबी आणि फाटल्यासारखे येतात. दोन्ही दुरुस्त होतील का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : पहिल्याला काही झालेलं नाही. सीसीडीमध्ये एखाद्या ठिपक्यावर फार उजेड पडला की तो त्या उभ्या ओळीत सांडतो, ती ही रेघ. फोटो घेताना आतलं शटर बंद होतं, म्हणून फोटोत ती येत नाही. व्हिडिओत येते. एक फोटो काढून खात्री करा. सूर्यावर मात्र रोखून धरू नका.

दुसऱ्याचं दुखणं खोल आहे. २००२ ते २००४च्या सुमारास बनलेल्या काही सीसीडींत उष्णतेने आणि दमटपणाने आतली जोडणी सुटायची, त्यातून असे गुलाबी, फाटके किंवा पूर्ण काळे फोटो यायचे. अनेक कंपन्यांनी २००५ साली हे जाहीर करून सेन्सर बदलून दिले होते. आता तो सेन्सर मिळत नाही. कॅमेरा त्या सालांतला असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. त्यातलं कार्ड तेवढं काढून घ्या, आणि ते एसडी असेल तर वर पहिल्या उत्तरात सांगितलंय तसा त्याचा खटका आधी लॉक करा.